एकशे पाच मि.मी.

४ ऑक्टो., शनि.
गाडी आली. आली एकदाची. पेटी टेंपोतून उतरवताना गाळ्याच्या शटरला घासली. टू-स्ट्रोक मोटारसायकल, अडीचशे सीसी, फक्त मातीत चालवायची. लाइट नाही, नंबरप्लेट नाही. नंदू पेटीभोवती नुसता घिरट्या घालत होता. माझा धाकटा भाऊ, एकोणचाळिशीचा घोडा, आणि म्हणतो, "दादा, खिळे मीच काढणार." काढ बाबा. दहा वर्षं दुसऱ्यांनी टाकलेल्या गाड्यांवर रेस मारल्या त्याने. नवी कोरी ही पहिलीच. जानेवारीत नाशिककडे रेस आहे. तोपर्यंत गाडी त्याच्या अंगाला बसवून द्यायची, हे माझं काम. साकीनाक्यात तीस वर्षं हेच करतोय, दुसरं येतं काय मला.

५ ऑक्टो., रवि.
सकाळपासून गाडी खोलणं-जोडणं. मागच्या चाकाचे बेअरिंग, स्विंगआर्म, सगळीकडे ग्रीस नावालाच. साफ करून परत भरलं. पेट्रोल कालवलं, लिटरला २५ मिली तेल. नंदू म्हणे थोडं जास्त घालू, इंजिनला बरं. शिव्या घातल्या. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि इंजिन तापतं, हे याला किती वेळा सांगायचं!

दुपारी सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी मागून किती दबते ते मोजायचं. नंदू पूर्ण वेषात गाडीवर बसला. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी. एक बोट भिंतीला टेकवून तोल सांभाळला. मी मागे टेप धरून. रिंग फिरवून स्प्रिंग आवळली, सोडली, परत आवळली. माणूस बसल्यावर गाडी मागून १०५ मि.मी. खाली बसली. पाहिजे तेवढीच. रिकामी गाडी ३६. भिंतीवर मार्करने लिहिलं: नंदू, १०५.

"झकास ना, दादा?"
झकास.

१२ ऑक्टो., रवि.
इंजिन चालू केलं. गरम होऊ द्यायचं, बंद, गार होऊ द्यायचं, परत चालू. तीनदा. निळा धूर गल्लीभर. शेजारचा प्रेसवाला दारात येऊन, "भाई, मच्छर मारने की मशीन लाए क्या?" नंदू खूप हसला.

मग टेंपोत घालून मुरबाडच्या माळावर. खालच्या थ्रॉटलला घुसमटत होती. उकाडा, हवेत ओल, मिक्स्चर जास्त जाड. कार्बोरेटरची सुई एक खाच खाली केली, पायलट जेट एक नंबर लहान. प्लग काढला तर चहातल्या बिस्किटाचा रंग. बास, हाच.

परत सॅग मोजला, १०८. नवी स्प्रिंग थोडी बसतेच, सील मोकळे होतात. आकडा नेहमी वाढतो. रिंग आवळून १०५ वर आणली आणि पांढऱ्या रंगाने खूण केली. आता हिला हात लावायचं कारण नाही.

२६ ऑक्टो., रवि.
दिवाळीनंतर पहिल्यांदा गाळा उघडला. मोजलं, १०२.

टेप बदलला. १०२. गाडी अर्धा फूट सरकवली, फरशी उंचसखल असेल म्हणून. १०२. शॉकखालचं सांध्यांचं लिंकेज उघडून बघितलं, लोण्यासारखं फिरतंय. नवीन स्प्रिंगचा आकडा कमी होतो? मी तरी नाही बघितला. नंदूला म्हटलं पाणी भरलंयस ना पिशवीत. "भरलंय रे." हलवून दाखवली.

असेल काहीतरी. रिंग पाऊण फेरा सैल केली, १०५ आला. गाडी घेऊन गेला तो.

२ नोव्हें., रवि.
आईने सुरमई तळली होती, नंदूसाठी. तो मुलुंडहून एकटाच आला, त्याच्या बायकोला, सुवर्णाला, ड्यूटी. मी गाडीबद्दल बोलत होतो, तो हो-हो करत होता. गेल्यावर आई भांडी घासता घासता सुरू.

"दोन घास खाल्ल्यान नि उठलो. शर्ट खुटयेक टांगल्यासारखो दिसता त्येचो. तुका दिसणा नाय काय रे?"

मी म्हटलं, रेससाठी कमी खातो, सगळे रायडर तसंच करतात. उगाच म्हटलं. हा माणूस रेसच्या आदल्या दिवशी चार वडापाव खाणारा आहे. पण आईचं तोंड बंद झालं, म्हणून मलाही बरं वाटलं.

९ नोव्हें., रवि.
१०१. सैल केलेल्या रिंगवर.

नंदू खाली न बघता म्हणाला, "स्प्रिंगच चुकीची आलीय, दादा. माझ्यासाठी कडक आहे. नरम टाकू."
मी एक फेरा अजून सैल केली. १०५ झाले. पण रिकामी गाडी आता ४३ बसते. हे बरोबर नाही. माळावर एका उडीनंतर मागचं चाक डावीकडे भिरकावलं गेलं, नंदू वाचला. मला वाटलं दमलाय. खाली उतरून दहा मिनिटं दगडावर बसून राहिला, हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.
नरम स्प्रिंगसाठी डीलरला फोन केला. पलीकडच्याने सरळ विचारलं, "रायडरचं वजन किती?"
मी म्हटलं एक्याऐंशी.
तो म्हणाला, मग आहे ती स्प्रिंग बरोबर आहे, नरम कशाला पाहिजे?
मी सॅगचे आकडे सांगितले. तो म्हणाला, "या आकड्याला तुमचा माणूस बहात्तर-त्र्याहत्तरचा असणार, साहेब. वजन करून घ्या आणि मग फोन करा."

फोन ठेवला आणि तसाच स्टुलावर बसून राहिलो. भिंतीवर १०५ लिहिलेलं समोरच. दोन आठवडे मी टेप बदलतोय, फरशी बदलतोय, लिंकेज खोलतोय. गाडीवर बसलेल्या माणसाकडे मान वर करून बघितलं नाही. थू माझ्यावर.

बाबांचा पट्टा. लिहू नको म्हणतो पण लिहितोय. मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबांनी चामड्याचा पट्टा माझ्या हातात दिला, "एक भोक पाड रे, ढिला होतो." मी पंच घेऊन पाडलं. महिन्याने दुसरं. मग तिसरं. तिन्ही भोकं मी पाडली, एका रेषेत, सारख्या अंतरावर, आणि बाबा म्हणाले हात चांगला आहे तुझा. मला केवढा आनंद झाला होता. चौथ्या भोकाआधी बाबा हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत.

संध्याकाळी रिंग पांढऱ्या खुणेवर परत आणली. नंदूला फोन केला, रिंग मूळ जागी ठेवलीय, रविवारी नीट मोजू. तो मग म्हणाला, "बरं."

१६ नोव्हें., रवि.
१०५!

पांढऱ्या खुणेवर, कुठेही हात न लावता. दोनदा मोजलं. १०५. मी उगाच घाबरलो, म्हटलं आईच्या बोलण्याने डोकं फिरलंय माझं. नंदूच्या पाठीवर थाप मारली. त्याला म्हटलं बस, चहा सांगतो. त्याने पिशवी काढून हँडलला अडकवली आणि तोंड धुवायला गेला.

हँडल वळलं. पिशवीने गाडी एका बाजूला ओढली. पाण्याची पिशवी एवढी जड नसते. चेन उघडली. आत लोखंडी वजनं, एक पाच किलोचं, दोन दोन-दोन किलोची. सरकारी शिक्का मारलेली, फडक्यात गुंडाळलेली. वाजू नयेत म्हणून.

नंदू दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतो. सोळा वर्षं. नऊ किलो. अंदाजे काहीतरी भरलं नव्हतं, त्याला आकडा माहीत होता.

आला तेव्हा वजनं टेबलावर मांडलेली होती. मी ओरडलो, काय काय बोललो सगळं आठवत नाही. त्याने आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.
"कधीपासून?"
"गणपतीपासून. पोट भरल्यासारखं वाटतं. घास खाली जात नाही."
"डॉक्टर?"
"जानेवारीनंतर. एवढी रेस होऊ दे."
"वेडा झालास का?"
मग तो म्हणाला, "बाबांच्या पट्ट्याला भोकं पाडून दिलीस ना? मी दारात उभा होतो. मला पण स्प्रिंग नरम करून दे. एवढंच मागतोय."

चौदा वर्षांचा होता तेव्हा. मला वाटायचं ते फक्त मला आणि बाबांना माहीत आहे.

जाताना म्हणाला, सुवर्णाला सांगायचं नाही, आईची शपथ. वजनं घेऊन गेला, सोमवारी कामाला लागतात.

१९ नोव्हें., बुध.
सुवर्णाचा फोन. "भावोजी, ह्यांना गाडीचं एवढं टेन्शन आलंय का हो? जेवतच नाहीत. गाडी लागली की होतील ना नीट?"

मी म्हटलं, होतील.

का म्हटलं? शपथ, शपथ. आईची शपथ पाळतोय की स्वतःची कातडी वाचवतोय? दुपारभर एका स्कूटरचं कार्बोरेटर तीन वेळा खोललं आणि तिन्ही वेळा उलटं बसवलं. गिऱ्हाइकाने विचारलं, बरं नाही का?

२० नोव्हें., गुरु.
गाडीचा मागचा शॉक, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, काढला, स्प्रिंगसकट. पेपरात गुंडाळून घरी आणला, कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवला. आईने विचारलं ह्या काय? म्हटलं नंदूचा आहे, जपून ठेव. तिने वर अजून दोन साड्या घातल्या.

२३ नोव्हें., रवि.
नंदू टेंपो घेऊन आला, गाडी मुरबाडला न्यायला. गाडी स्टँडवर, मागचं चाक लोंबतंय. शॉकच्या जागेतून पलीकडची भिंत दिसते.

"शॉक कुठाय?"
"डॉक्टरचा कागद आण. शॉक घेऊन जा."
"माझी गाडी आहे ती."
"गाडी ने की. कोण अडवतंय."
"दादा, मस्करी पुरे."
"ही गाडी एक्याऐंशी किलोच्या माणसासाठी लावलीय मी. तू नरम स्प्रिंग माग, अजून नरम माग, मी आता एक फेरासुद्धा सोडणार नाही. बाबांना तीनदा हो म्हटलं. तुला नाही म्हणतोय."

माझा आवाज फाटला. प्रेसवाला डोकावून परत आत गेला. नंदूने टेंपोवाल्याला हाताने जा म्हणून खूण केली, आणि स्वतः पायी निघाला. जंक्शनकडे चालताना पाठीमागून बघितला. पँट मागून रिकामी. आईला तीन आठवड्यांपूर्वी दिसलं ते.

२६ नोव्हें., बुध.
फोन उचलत नाही. मेसेजला दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

चुकलो असेन. रेस हीच एक गोष्ट त्याला उठवून बसवत होती आणि मी तीच काढून कपाटात ठेवली. बाबांना दोन महिने आधी नेलं असतं तर वाचले असते, असं कोणी सांगितलेलं नाही मला. डॉक्टरही तेव्हा काही बोलले नव्हते. तरी.

सुवर्णाला आज फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. दोनदा.

२८ नोव्हें., शुक्र.
सांगितलं. शपथ मोडली. गाळ्याबाहेर उभा राहून, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, तिला सगळं सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "नऊ?" आणि फोन ठेवला.

२ डिसें., मंगळ.
साडेअकराला नंदू आला. बरोबर सुवर्णा. तिने प्लास्टिकची फाइल छातीशी धरलेली. माझ्याशी नजर मिळवली नाही तिने, रागावलीय, रागवू दे.

काल घशातून दुर्बीण घातली. आत काहीतरी दिसलं म्हणे. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट शुक्रवारी चार वाजता.

"काय दिसलं?"
"डॉक्टर सांगत नाहीत, रिपोर्ट येऊ दे म्हणतात," सुवर्णा म्हणाली.
नंदू म्हणाला, "कागद आणलाय. शॉक दे."

घरी जाऊन आणला. आईने साड्या बाजूला करून स्वतः काढून दिला. काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलंय. दोघांनी मिळून बसवला. बोल्ट तो धरत होता, मी आवळत होतो. घड्याळ मनगटावरून खाली घसरत होतं त्याचं, मी बघितलं. आता बघतो मी.

मग त्याने पूर्ण वेष घातला. खिसे उलटे करून दाखवले, मी न सांगता. पाण्याची पिशवी सुवर्णाच्या हातात दिली, तिने उघडून बघितली आणि परत दिली. तो बसला, एक बोट भिंतीला. मी मागे टेप धरला.

९५.

तो भिंतीकडेच बघत राहिला. मी १०५ च्या खाली ९५ लिहिलं, पुढे तारीख टाकली.

"सैल करणार नाहीस?"
"नाही."
"आणि नाहीच भरलं वजन, तर?"

सुवर्णा फाइल धरून तशीच उभी. मी रिंगचा स्पॅनर उचलला, पुसला आणि खणात ठेवला. नंदू अजून गाडीवरच बसला होता, उतर म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.