मनुबाईंच्या हातचं जेवण

४ नोव्हेंबर १९९१, वर्तकनगर
आले बाई एकदाची! कल्याणहून रोजची धावपळ नको म्हणून मालनआत्याकडे मुक्काम हलवला. गॅलरीतली खोली, आत्याच्या हातची वालाची उसळ, आणि उद्यापासून जेलमध्ये माझं एम. ए.चं काम. मन खचलेल्या कैद्यांना आपल्या पाठीशी कुणी आहे असं कितपत वाटतं, ते मोजायचं. मी एकेक वाक्य वाचायचं, त्यांनी गुण द्यायचे. 'मुळीच नाही'ला एक, 'अगदी खरं'ला सात. महिन्याने पुन्हा तेच. आत्या म्हणते, लग्नाच्या वयात पोरगी जेलात चालली. म्हटलं, घाबरू नकोस, संध्याकाळी सोडतात!

७ नोव्हेंबर
आज धाकू आला. कोलशेतचा कोळी, माझ्याच वयाचा. जाळं लावायच्या जागेवरून शेजाऱ्याशी भांडण झालं, याने वल्हं हाणलं, तो मेला. 'अडीअडचणीला धावून येणारं माणूस मला आहे.' एक. 'माझं मन मोकळं करायला कुणी आहे.' एक. सगळीकडे एकच. उठताना म्हणाला, आय, मनुबाई नाव तिचं, दर मुलाखतीला भेटायला यायची, गणपतीपासून आली नाही, तुम्ही बघून याल का? मी लगेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी आहे ना! तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

१५ नोव्हेंबर
कोलशेतला जायचं राहिलं. खरं लिहू? राहिलं नाही, टाळलं. खाडीचा चिखल, सुकटाचा वास, नको वाटलं. आज धाकूने आल्या आल्या विचारलं, आणि माझ्या जिभेला काही हाड! म्हणाले, भेटले की मनुबाईंना. ठणठणीत आहेत, फक्त गुडघे धरलेत. मला बसवून बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पुढच्या खेपेला मीच त्यांना घेऊन येते. तो लहान पोरासारखा रडला. मला वाटलं, केवढं पुण्य केलं मी!

४ डिसेंबर
दुसरी फेरी. धाकूचे सगळीकडे सात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी शाबासकी दिली, आणि मी निर्लज्जासारखी घेतली. धाकू म्हणाला, आय येते हल्ली, पण फाटकापर्यंतच. आत कुणी घेत नाही, ताई आणणार आहे म्हणते. मी हसले. घाईघाईने कागद आवरले.

६ डिसेंबर
शेवटी गेले कोलशेतला. शेजारच्या शेवंतीने सांगितलं, मनुबाई गणपतीतच वारल्या. धाकूला कळवायची कुणाची हिंमत झाली नाही. दहाव्याला कावळा शिवेना. होडी सांभाळू, घर सांभाळू, सगळं म्हणून झालं. लेकाला भेटवू, एवढं मात्र कुणी म्हणेना. धाकूने मारलेल्या माणसाची बायको समोरच राहते ना! अखेर दर्भाचा कावळा करून उरकलं. शेवंती म्हणाली, तिचा जीव तेवढ्या एका शब्दासाठी अडकला, बाय. तो शब्द मी दिलाय. न येता, न बघता देऊन बसलेय.

९ डिसेंबर
भरदुपारी आत्याने विचारलं, जिन्यात बसलेली म्हातारी कोण? तुझ्याबरोबर जायचंय म्हणे. पाणी दिलं तर घेतलं नाही. मी धावले. कुणी नव्हतं. पायरीवर काळा चिखल होता, ओला.

१० डिसेंबर
धाकूला खरं सांगायला गेले, तोंड उघडेना. त्याने जिवाचं बरंवाईट केलं तर, असं मनाशी म्हणत होते. पण भीती ती नव्हती. मी खोटारडी ठरेन, ही होती. शी! लाज वाटते स्वतःची.

१२ डिसेंबर
फाटकावरच्या देवराम शिपायाने विचारलं, ताई, सोबतच्या आजींचं नाव काय? मागे बघितलं — कुणी नाही. नुसता खाडीचा वास. माझ्याबरोबर कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून गेलं — मनुबाई. त्याने दार उघडलं. आधी कुणाला तरी आत सोडावं तसा बाजूला सरला, मग मला वाट दिली —

१३ डिसेंबर
धाकू गेला. झोपेतच. देवराम म्हणाला, चेहरा हसरा होता. बोटांना बोंबलाच्या कालवणाचा वास — जेलात कुठलं कालवण?
आणि मला — देवा — मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्याला काही सांगावं लागणार नाही. थू माझ्या जिण्यावर.

१४ डिसेंबर
दुपार. आत्या बाहेर गेलीय. स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापतंय —
आत्याला हाक मारली. थापणं थांबलं. पुन्हा सुरू —
बोंबलाचा वास —
पाट मांडलाय. ताट वाढलंय. दाराशी चिखलाचे पाय. ती म्हणतेय, माझ्या लेकाला सांगितलंस ना, माझ्या हातचं जेवलीस म्हणून. मीही त्याला हो म्हटलंय. मेल्यावर तरी लेकापुढे मला खोटी पाडू नकोस, बस पोरी —
मी म्हटलं, चुकले. पाया पडते. ती नुसती ताट पुढे —
घास माझ्याच हाताने उचलला जातोय, मी नाही उच —