बेड नऊवरचे आजोबा

३ ऑगस्ट, रविवार
केबलवर दुपारी भुताचा सिनेमा. नानांनी जेवण उरकून खिडक्या लावून घेतल्या. घरात अंधार, सिनेमात मात्र लख्ख उजेड. भूत म्हणजे तोंडाला मैदा फासलेली बाई, मनगटावर घड्याळ. शेवटी तांत्रिकाने मंत्र म्हणून घालवलं. कुठला मंत्र, तर जेवणाआधीचा. जन्मभर पाठशाळेत पौरोहित्य शिकवलेला माणूस गप्प कसा बसेल? "ती घाबरून गेली नाही सुधे, जेवायला गेली."
आई गेल्यापासून रविवारचा हा आमचा कार्यक्रम. अजून एकाही सिनेमाने घाबरवलेलं नाही.
उठताना नानांनी जांघेत हात दाबला. हर्निया. विचारलं तर, "काही नाही. बस."

६ ऑगस्ट, बुधवार
बँकेतून परस्पर डॉ.कडे. म्हणाले, ऑपरेशन टाळू नका, आतडं अडकलं तर पंचाईत. घरी सांगितलं. नाना पंचांग चाळत बसले.
संध्याकाळी हॉस्पिटलची मालिका. वरच्या मजल्यावरच्या चौबाइन नेहमीप्रमाणे वाटीभर चणे घेऊन हजर. आणि काय योग! बेड नंबर नऊवर एक आजोबा, हर्नियाच. उद्या ऑपरेशन, आजपासून उपाशी ठेवलंय.
नाना पुढे सरकून बसले. "याचं होऊ दे. काय काय करतात ते बघतो. मग माझं."
"नक्की?"
"नक्की."
देव पावला. पुढच्या बुधवारपर्यंतच कळ काढायची.

१३ ऑगस्ट, बुधवार
आजोबा नाहीत! मोठ्या डॉक्टरचा जुळा भाऊ कॅनडाहून आला. पूर्ण भाग दोघं जिन्यावर एकमेकांकडे बघत उभे. वाऱ्याने केस उडताहेत. हॉस्पिटलच्या जिन्यात इतका वारा?
चौबाइन : "अगले हफ्ते होगा, चाचाजी."

२० ऑगस्ट, बुधवार
आज नर्सची हळद. वॉर्डात. बेशुद्ध पेशंटबाईने नवी लिपस्टिक लावली आहे. इंजेक्शन कुणाच्याच हातात नाही, सगळ्यांच्या हातात हळद.
किती चांगली होती ही मालिका! डॉक्टर पेशंटच्या शेजारी स्टूल ओढून बसायचा, नीट समजावून सांगायचा. तेव्हा नाना म्हणायचे, असा गुरू पाहिजे. आता हॉस्पिटलात पेशंटच उरले नाहीत.
जेवताना नाना मधेच थांबले. "तो दोन आठवडे उपाशी आहे गं."
मी भडकले. "नाना, तो नट आहे! घरी जाऊन जेवला असेल!"
"नट जेवला असेल. म्हातारा नाही जेवला."
स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. बाहेर आले तर नाना भिंतीला हात लावून हळूहळू मोरीकडे निघाले होते. मग हसू कुठलं.

२७ ऑगस्ट, बुधवार
ऐन वेळेला बत्ती गेली. अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात अंधार. भाग बुडाला.
बरंच झालं. चौबाइनना जिन्यात गाठलं. म्हटलं, तुमच्या लखनऊच्या बहिणीने भाग बघितला असं सांगा, आजोबा बरे झाले म्हणून सांगा. एवढंच.
"अरे, बस इतना? हो जाएगा."

२८ ऑगस्ट, गुरुवार
एवढंच सांगून थांबतील तर त्या चौबाइन कसल्या.
ऑपरेशन झालं. आजोबा दुसऱ्या दिवशी चालायला लागले. दोन्ही मुलगे अमेरिकेहून आले, पाया पडले. सगळ्या वॉर्डाला लाडू वाटले. मी मागून खुणा करतेय, बस करा. पण बाई रंगात आलेल्या. "और फिर, चाचाजी, वहीं से सीधे बद्रीनाथ निकल गए."
नानांनी शांतपणे विचारलं, "टाँके कब निकले?"
"टाँके?" चौबाइनचा घास अडकला. "टाँके तो... रास्ते में."
नाना माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. दिवसभर एक शब्द नाही.

३१ ऑगस्ट, रविवार. हॉस्पिटल.
मिळेल त्या कागदावर लिहितेय.
दुपारी सिनेमा लावला. अबोला सुटेल म्हणून मीच. अर्ध्यात नानांनी माझा हात घट्ट धरला. तळवा घामाने ओला. वाटलं, चला, एकदाचे घाबरले! पडद्याकडे बघितलं तर बागेतलं गाणं चाललेलं. नानांकडे बघितलं. चेहरा पांढराफटक.
गल्लीत रिक्षा येत नाही. चौबेजी आणि दूधवाल्याने खुर्चीत बसवून उचललं, मी पुढे गाई हाकलत. चौबाइन मागे रडत, "हमारी ही जबान को आग लगे." त्या वेदनेतही नाना सूचना देताहेत : "दाएँ से... नाली है."
इथली डॉक्टर पोरसवदा, केसांना चपचपीत तेल. पोट दाबून बघितलं. म्हणाली, आंत फँस गई है, अभी करना पड़ेगा. नाना म्हणाले, "पहले बताइए, क्या करेंगी."
बाहेरून कोणीतरी तिला हाका मारत होतं. तिने केसपेपर उलटा केला, पेनाने चित्र काढलं. हे आतडं, हा छेद, इथून आत ढकलणार, इथे जाळी. नानांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं.
"आणि नाही जमलं तर?" हे मला, मराठीत. मी विचारलं. ती म्हणाली, आतडं सडलं असेल तर तेवढा तुकडा कापावा लागेल. उघडल्याशिवाय नाही सांगता येणार.
खरं बोलली. नानांनी मान हलवली. सही स्वतः केली, देवनागरीत, 'रामचंद्र'पासून आडनावापर्यंत पूर्ण नावाने.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आत नेऊन बराच वेळ झाला. दाराशी वॉर्डबॉयने नानांची कवळी रुमालात गुंडाळून दिली. "सँभालिए." ट्रॉलीवरून नाना काहीतरी म्हणाले. कवळी नसल्यामुळे मला कळलंच नाही. मी "हो" म्हटलं.
बाकावर शेजारी एक म्हातारी. तिने विचारलं, "के हव भीतर?" म्हटलं, वडील. तिने गाठोडं मांडीवर घेऊन मला जागा करून दिली.
काय म्हणाले असतील? किल्ली? जानवं? की तिसरंच काही? पुन्हा विचारायला हवं होतं.
दार उघडलं. तीच डॉक्टर, मास्क गळ्यात.
"रामचंद्रजी के साथ कौन है?"
उठते.