एसीने दाखवलेला खड्डा
मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

इतकी चिडचिड झाली आहे की कोणाशी बोलावंसंच वाटत नाही. प्रकाशाचे कण एकमेकांतून आरपार जातात, साधी दखलही घेत नाहीत. त्यांना गार अणूंच्या ढगातून पाठवून एकमेकांवर परिणाम करायला लावायचं, हीच माझी पीएचडी. गेल्या महिन्यात दोन लेझर एकत्र सोडल्यावर पहिल्याच्या प्रकाशाच्या आलेखात छोटासा खड्डा दिसला, म्हणजे दुसऱ्यामुळे त्याचा प्रकाश कमी झाला. वाटलं, जमलं!

आज सहज दुसरा लेझर बंद करून पाहिला. खड्डा तसाच. मग परिणाम कोणाचा कोणावर? दुपारभर शोधल्यावर कळलं, एसी सुरू झाला की एक आरसा किंचित हलतो आणि त्यानेच खड्डा पडतो. एसी!

आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी या खड्ड्यावरचा शोधनिबंध कालच नियतकालिकाकडे पाठवलेला. सांगावं की गप्प बसावं? सांगितलं. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "छान. म्हणजे आपण महिनाभर एसीचा अभ्यास करत होतो." माझ्यासमोरच निबंध मागे घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी दादा, हिंजवडीत आयटीत असलेला, म्हणाला, "अगं, आमच्याकडे ये. इथे चूक झाली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते."

"आणि चूक झाली हे स्वतःहून सांगतं का रे कोणी?" मी फाडकन विचारलं. त्याचा काय दोष? पण आता बोलून बसले.

मघाशी सरांचा फोन आला. "दुसरा लेझर बंद करून बघणं मला सुचायला हवं होतं. तुला सुचलं. उद्या पुन्हा पहिल्यापासून."

फोन ठेवला, आणि तेव्हा कुठे रडू आलं.