कार दारात उभी असताना

आई,

परवा तुझा दहावा झाला. घाटावरून परतल्यावर बायका पडवीत टेकल्या, चहा झाला आणि कुणीतरी वहिनीला म्हणालं, ती लॉकडाऊनातली स्कूटीची गोष्ट सांग की. वहिनीने सांगितली. सगळ्या रडता रडता हसल्या. मी नाही हसले. तुझी लेक मी, आणि ती गोष्ट मी पहिल्यांदाच पुरती ऐकत होते. म्हणून आज लिहायला बसले. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू माझ्याकडे पुण्याला आलीस आणि पाठोपाठ सगळंच बंद झालं. दोन महिने तू माझ्या फ्लॅटमध्ये अडकलीस. जीव मात्र सुप्याजवळच्या आपल्या गावात. म्हशी, दादाचा कांदा, वहिनीचा एकटीचा रामरगाडा. रोज सकाळी गॅलरीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत विचारायचीस, "यष्टी कवा सुटायची गं?"

थोडी सवलत मिळाली तेव्हा आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नव्हता. कोण कशाने जाणार? एसटी जिल्ह्याबाहेर जात नव्हती. रिक्षात आधी कोण बसून गेलं असेल, या विचारानेच लोक मागे सरायचे. चोरून माणसं नेणाऱ्या जीपा होत्या, पण त्यात मांडीला मांडी. समोरच्या फ्लॅटमधलं अख्खं कुटुंब भाजीच्या टेम्पोतून जुन्नरला गेलं. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी, ते नशीबवान.

आपल्याकडे होती ना गं! मी पास काढला, गाडी आतून पुसून घेतली. मी औषधाच्या दुकानात कामाला, दिवसभर माणसांत; घरातही तुझ्यापासून लांबच राहायची. माझ्यामुळे तुला काही व्हायला नको, म्हणून पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये जाड प्लास्टिक लावलं. मी पुढे चालवणार, तू मागे आरामात. तू ते प्लास्टिक बोटाने दाबून पाहिलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वहिनी उभी. स्कूटीवर, तोंडाला ओढणी, कपाळ उन्हाने लाल. तू तिला फोन केला होतास, तोही माझ्याच मोबाईलवरून. पिशवी भरून तयार होती. मला तेवढं सांगावंसं वाटलं नाही?

मी किती वाद घातला. डोळ्यात धूळ जाईल म्हटलं, ऊन लागेल म्हटलं, एवढा लांबचा रस्ता म्हटलं. तू ऑपरेशनचा काळा चष्मा लावलास, टॉवेल गुंडाळलास आणि तिच्या मागे जाऊन बसलीस. तिच्या कमरेला असा विळखा घातलास की मला बघवेना. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहिले.

पुढचं सगळं परवा कळलं. शिरूरच्या पुलावर, जिल्ह्याच्या हद्दीवर, पोलिसाने अडवलं आणि विचारलं, ही बाई तुमची कोण? तू म्हणालीस, "लेक हाय माझी. न्यायला आलीया."

वहिनीने हे सांगितलं तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या हातातला चहा तसाच निवत गेला. आई, सून म्हटलं असतंस तर पोलिसाने सोडलं नसतं का?

आणि मग ती शाळा! पुण्याहून आल्या म्हणून गावाने तुम्हा दोघींना दोन आठवडे शाळेत ठेवलं. चौथीच्या वर्गात सतरंजीवर दोघी. तेव्हा फोनवर मी तुझी कीव करत होते. तुम्ही मात्र तिथे दिवसभर बोलत होतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तू आबांवर रुसून एकटीच चालत माहेरी गेली होतीस, हे मला परवा कळलं. वहिनीला केव्हापासून माहीत आहे. माझ्यासाठी अशी एक तरी गोष्ट राखून ठेवायची होतीस.

बायका गेल्यावर मी मोरीत वहिनीजवळ भांडी विसळायला बसले. न राहवून विचारलं, दारात कार असताना आईने तुम्हाला का बोलावलं? घासता घासता ती म्हणाली, वाटेत तिनेही तुला हेच विचारलं होतं.

"आत्याबाई म्हनल्या, जयू सोडायला येईल. सोडायला आलेली माघारी जाती. न्यायला आलेली संगं राहती."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आईचं सगळं तुम्हालाच मिळालं, वहिनी."

तिला राग आला नाही. हातातलं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "वन्सं, तुमी नऊ म्हैने त्यांच्या पोटात हुता. मला ते दोन आठवडे तरी असू द्या की."

त्याच संध्याकाळी, तेराव्यालाही न थांबता, मी पुण्याला निघून आले. खोटं कशाला सांगू, हेवा अजून गेलेला नाही. रस्त्यात एखादी म्हातारी कुणाच्या मागे स्कूटरवर बसलेली दिसली, तरी आत काहीतरी टोचतं.

पण दुकानात रजा सांगितली आहे. पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे, राहायला. त्या दोन आठवड्यांतलं वहिनी जे सांगेल, जसं सांगेल, तसं ऐकेन. तोंड वाकडं होईल माझं, तुला माहीतच आहे. तरी मध्येच उठून जाणार नाही. आणि त्या सगळ्या बोलण्यात माझं नाव कधी निघालं होतं का, हे मी तिला विचारणार नाही. हा शब्द देते.

तिने आपणहून सांगितलं, तर मात्र ऐकेन.

तुझी, पोटची,
जयू