देवळातली आपली घंटा

आये, तू आता नाहीस, तरी तुलाच सांगतो. मुंबईच्या ज्या दवाखान्यात आमचे उपचार झाले, तिथून गेल्या आठवड्यात फोन आला. मूल होण्यासाठी जे उपचार करतात त्यांची देशभरातली नोंद आता एका ठिकाणी ठेवतात. ती संशोधनाला वापरायची आहे, म्हणजे अशा उपचारांनंतर बाईच्या तब्येतीचं पुढे काय होतं, मुलं कशी वाढतात, हे बघायला. आमची जुनी माहिती त्यात घालू का, असं तिथल्या बाई विचारत होत्या. नावं गाळतात म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगी झाली त्या वेळचं घ्या, आधीच्या दोन वेळांचं राहू द्या. त्या म्हणाल्या, "दादा, यश आलं तेवढंच मोजलं तर पुढच्या जोडप्याला आम्ही खोटं सांगू. आणि होकार तुमचा दोघांचा लागेल." विचार करून सांगतो म्हटलं, आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. वाडीत जातो, सुपारीला पाणी लावतो, अर्ध्यातच बंद करून घरी येतो. घरी आलो की परत वाडीत जावंसं वाटतं.

पहिल्या वेळी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो तो दिवस मला अजून दिसतो. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. तुझी सून भिंतीला टेकून बसली आहे, डोळे सुजलेले. तू वळूनही न बघता म्हणतेस, "बाहेर काय बोलू नको. देवीकडं मागितलं ते गावाला सांगायचं, डाक्टरकडं मागितलं ते घरात ऱ्हाऊ दे. कोन इचारलं तर सांग, पाय मुरगळलाय, म्हनून घरात हाय." म्हणून ती बिचारी विहिरीवर लंगडत जायची. दुसऱ्या वेळीही तसंच झालं, तेव्हा रडता रडता तिनं तुला विचारलं होतं, "आत्या, ह्या वेळी कुठला पाय?" तू हसलीस आणि मग पदर तोंडाला लावून मागीलदारी गेलीस. पुढे मुलगी झाली. तू देवळात पितळेची घंटा बांधलीस आणि नवसाची नात म्हणून गावभर पेढे वाटलेस. मीही तसंच मानलं. आजही मानतो. डॉक्टरच्या हातून दिलं ते देवीनंच दिलं.

पण बाळंतपणापासून हिला रक्तदाबाची गोळी लागली ती सुटली नाही. त्या इंजेक्शनांमुळे का, हे तिनं किती डॉक्टरांना विचारलं. ठाम कुणीच सांगत नाही, आपल्याकडच्या बायकांची तेवढी माहितीच नाही म्हणतात. त्यामुळे फोनचं कळताच ती म्हणाली, "माझा होकार हाय. तुमचं बघा."

"उद्या गावाला कळलं तर?"

"काय कळंल? माझा पाय कधी मुरगळलाच नव्हता, ते?"

लेकीला सगळं ठाऊक आहे, ती आतल्या खोलीतून हसली. हिनं मात्र हसू आवरलं आणि हळू म्हणाली, "देवळात आपली एकच घंटा हाय. माझ्या त्या दोन वेळा कुठं वाजल्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. तिथे इतक्या घंटा टांगल्या आहेत, आये, आणि ज्यांचा नवस फळला नाही त्यांचं तिथे काहीच नाही. हे आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गुरवाला म्हटलं, कौल लाव. त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. "काय इचारायचं? लेकीचं लगीन काढलंस काय?" मी म्हटलं, "मनात विचारलंय." उजवी कळी लगेच पडली. मी म्हणालो, वारा आहे, परत लाव. "देवीला दोनदा इचारतोस? तुझ्या आयेनं कानफाटात दिली असती," असं पुटपुटत त्यानं परत लावली. परत उजवीच पडली. "घे, होकार हाय," म्हणून तो खूश झाला.

घरी येऊन मी फोन केला आणि तिन्ही वेळांची माहिती घ्या म्हणून सांगितलं. हिला वाटतं, कौल मिळाला म्हणून मी तयार झालो. तसंच वाटू दे. तुला लिहिलेला हा कागदही मी तिला दाखवणार नाही.

कारण होकार द्यावा का, हे मी देवीला विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, आये रागावेल का. उजवी दोनदा पडली. तरी मी फोन केला.