समुद्रफुलाचा श्रावण

वारजे, श्रावणातला दुसरा शुक्रवार

श्रीमान साईनाथराव यांस रंगरावाचा नमस्कार. इकडे सारे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? (व्यायाम करत असशील, असं मी गृहीत धरत नाही.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर तुझा फोन निशावहिनी उचलतात, आणि कसब्यात पडलेला शब्द अर्ध्या तासात वारज्यात आमच्या चंपाच्या कानावर येतो.

आमची पूर्वा जर्मनीला शिकायला गेली, ती जाताना खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यातलं समुद्रफूल माझ्या गळ्यात घालून गेली. फूल आपलं नावाला. तो प्राणी आहे; दगडाला चिकटून बसतो, बोटांसारखे झुपके हलवतो आणि कोळंबी खातो. "बाबा, दिवाळीपर्यंत सांभाळा," म्हणाली. रोज फोन करते, आधी त्याची चौकशी, मग माझी. खरं सांगतो, ते गेलं तर तिचे फोनही आठवड्यावर जातील, या भीतीने मी निम्मा झालो आहे.

पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला टाकीभर पाण्याचं काय एवढं? पण आपलं आयुष्य गेलं गोड्या पाण्यात. टाकीतलं पाणी आटलं की मी मिठाचं पाणी ओतायचो. आटतं ते नुसतं पाणी, मीठ तिथेच राहतं, हे पूर्वाने फोनवर समजावलं तोवर टाकीचं लोणचं व्हायला आलं होतं. ते निस्तरतोय तोच श्रावण लागला. चंपाने जाहीर केलं की महिनाभर घरात कोळंबी येणार नाही, खाणारा कोणीही असो. मी पनीरचा चुरा देऊन पाहिला. त्याने तो सभ्यपणे आत घेतला आणि दुपारी जसाच्या तसा बाहेर ठेवला. (सोमवारी साबुदाण्याचंही तेच झालं. तो आग्रह चंपाचा.) चार दिवसांत ते आक्रसून लिंबाएवढं झालं आणि तोंड उघडं टाकून दगडामागे जाऊन बसलं. त्या दिवशी पूर्वाला मी फोनचा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. मुलीशी खोटं बोललो, रात्री जेवण गेलं नाही.

मग मात्र कंबर कसली. आटेल तेवढंच गाळलेलं गोडं पाणी, दिवे बरोबर आठ तास आणि दुपारी एक ते चार टाकीकडे फिरकायचं नाही (ही शिस्त मला आधीपासून अवगत आहे). काय सांगू, आठवड्यात ते बशीएवढं फुललं! काल पूर्वाला दाखवलं तर ती रडलीच. शिस्तीने सगळं होतं, हे मी ऑफिसात सांगायचो तेव्हा तू हसायचास.

तुझा,
रंगराव

ता.क. आज सकाळी पाहतो तर एकाची दोन झाली आहेत! ही मंडळी मधोमध दुभंगून वाढतात म्हणे.

ता.क. दुसरा. दोघांचं पोट नुसत्या शिस्तीवर भरेल असं वाटत नाही. तू काही श्रावण पाळत नाहीस. पाव किलो कोळंबी तुझ्या फ्रीजमध्ये ठेव; मंगळवारी फिरायच्या निमित्ताने डबी घेऊन येतो. चंपाला कळता कामा नये.

ता.क. तिसरा. साईनाथभावोजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे देऊन हे झोपले आहेत. कोळंबी आणू नका. ती आठवडाभर आमच्याच फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीमागे आहे. यांचा डोळा लागला की मी चिमट्याने भरवते. यांना सांगू नका, शिस्तीवरचा विश्वास उडेल. श्रावणाचं काय ते मी शंकराशी बघून घेईन. पूर्वा माझीही मुलगी आहे. — चंपा