लाल रेघेबाहेरचा ठिपका

कात्रप, बदलापूर (पूर्व)
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तरी रोज सकाळी चामटोलीची रिक्षा पकडतातच. वहिनीला सांग, तिच्या कुरडया संपल्या. बाबांनी एकट्यांनी संपवल्या.

डिसेंबरात तुझ्यावर फोन आपटला, त्याची माफी मागते. आताही तोंडाने बोलायची हिंमत नाही म्हणून स्पीडपोस्टाने लिहितेय.

चामटोलीच्या टेकाडावर बाबांनी फलक लावलाय: 'प्राचीन विहार, अंदाजे १९०० वर्षे'. खाली माझं नाव, पुढे 'शास्त्रज्ञ'. मी अंबरनाथच्या कार्बन-डेटिंग लॅबमधली साधी टेक्निशियन, पण त्यांना कोण समजावणार? जागा जनूकाकांची. रविवारी वंदनेनंतर ते ती विहाराला लिहून देणार आहेत. बिल्डर दारात आला तेव्हा म्हणाले, "यशोच्या मशीननी सांगलंय ना, मंग ती जागा तुजी नाय न् माजी पन नाय."

दादा, मशीनने तसं सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक खेपेत बाकीच्या नमुन्यांबरोबर एक लाकूड मोजतात, ज्याचं वय आधीच पक्कं ठाऊक असतं. त्याचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपका म्हणून मांडायचा. ठिपका लाल रेघांबाहेर गेला तर अख्खी खेप रद्द, मग आतला नमुना कुणाचा का असेना. टेकाडावर सापडलेल्या आपल्या विटांखालच्या कोळशाच्या खेपेत ते लाकूड दीड हजार वर्षांनी जास्त म्हातारं निघालं.

तक्ता सांभाळणारी तेजल सुट्टीवर होती. बाबांचे त्या दुपारी चार फोन आले होते. मी शेऱ्यात 'वजनाची चूक' लिहिलं, नळ्या धुतल्या, लाकूड पुन्हा मोजलं. आकडा बरोबर आला, तोच ठिपका मांडला. वजनात काहीच चूक नव्हती. कोळसा मात्र पुन्हा मोजला नाही, त्याचा रद्द खेपेतलाच आकडा बाबांना दिला. मोजायला लॅबमध्ये उरलाच नव्हता, आणि उरला असता तरी मोजला असता का, ठाऊक नाही. तिथे तीन-चारशे वर्षांपूर्वीची कुणाची वीटभट्टीही असू शकेल.

"घरचा नमुना घरच्याने मोजू नये," असं म्हणून तू अर्धा कोळसा डबीत काढून घेतलास. मी तुला फोनवर फितूर म्हटलं. ती डबी टाकली नाहीस ना?

आज मी जुना ठिपका पेनाने परत मांडला, रेघेच्या पार वर, आणि साहेबांना सांगितलं. नोकरीचं व्हायचं ते होवो. पण घरी आले तर बाबा रविवारसाठी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. जनूकाकांसाठीही एक आणलाय. मी ताटं घेतली. माझ्या खोट्या आकड्यावर एक भला माणूस आपली जमीन सोडणार आहे, आणि मी वरण वाढतेय.

शनिवारपर्यंत ये. डबी आण, दुसऱ्या लॅबला नाव न घालता पाठवू. उत्तराला महिने लागतील, कदाचित खरंच विहार निघेल. पण दोघांना शनिवारी सांगायलाच हवं, आणि ते मीच सांगेन. तू फक्त शेजारी बस.

त्याआधी टेकाडावर जाऊन फलकावरचं माझं नाव रंगाने बुजवायचंय. शिडी धरायला कुणी नाही.

तुझी वाट पाहणारी,
टेक्निशियन यशोधरा